लसूण मोजता येतो, तरी 'गार्लिक' अनकाउंटेबल का?

वाचकाचं पत्र:

मी एका हॉटेलच्या किचनमध्ये स्टोअर सांभाळते. दुसऱ्या दिवशीच्या सामानाची यादी रोज संध्याकाळी इंग्रजीत लिहून द्यावी लागते. आमचे शेफ त्यातल्या 'गार्लिक्स', 'ब्रेड्स', 'राइसेस' यांना लाल गोल करून यादी परत पाठवतात. 'बीन्स' आणि 'ओट्स' मात्र त्यांना चालतात. इंग्रजीच्या क्लासमध्ये सांगितलं होतं की मोजता येतं ते काउंटेबल आणि येत नाही ते अनकाउंटेबल. पण लसणाचे गड्डे तर मी रोज हातानं मोजून घेते! त्यातून हेच शेफ गर्दीच्या वेळी 'टू कॉफीज, थ्री शुगर्स' असं ओरडतात, तेव्हा ते चुकत नाहीत का? क्लासच्या बाईंनी दोन याद्या पाठ करायला दिल्या आहेत, पण 'चिकन' आणि 'केक' दोन्हींत आहेत. पाठ करू का? कालची सामानाची यादी सोबत जोडली आहे.
— एक स्टोअरवाली

उत्तर:

ताई, पाठ करू नका. त्या याद्या बाजूला ठेवा. एकच शब्द दोन्हीकडे दिसला तेव्हा तुम्हाला जी शंका आली ती रास्त होती. शब्दांच्या अशा दोन पक्क्या टोळ्या इंग्रजीत नाहीतच. एखादं नाम त्या वाक्यात कसं वापरलंय, यावर सगळं ठरतं. बरेचसे शब्द आयुष्यभर एकाच बाजूला राहतात, म्हणून याद्या खऱ्या वाटतात, एवढंच.

दुसरी गोष्ट, 'मोजता येतं ते काउंटेबल' या व्याख्येनं तुमचा घोटाळा केलाय, आणि तो मराठी माणसाचा हमखास होतो. आपण नोटा मोजतो, जमीन मोजतो आणि तापही मोजतो, सगळं एकाच क्रियापदानं. त्यामुळे 'मोजता येत नाही' म्हटलं की आपण चक्रावतो. पैसे मोजता येत नाहीत? मग ते कॅशियर दिवसभर करतो काय? इंग्रजीत 'काउंट' म्हणजे एक, दोन, तीन असं गणणं, एवढंच. वजन करणं, माप घेणं यात येत नाही. आणि कॅशियर नोटा गणतो, 'मनी' नाही. 'थ्री मनी' असं कोणी म्हणत नाही.

म्हणून वस्तूकडे बघून ठरवू नका. आकडा त्या शब्दाला थेट चिकटतो का, ते बघा. 'थ्री अनियन्स' चिकटतं. 'थ्री गार्लिक' चिकटत नाही. मध्ये 'क्लोव्ह' किंवा 'हेड' घालावं लागतं: 'थ्री क्लोव्हज ऑफ गार्लिक', 'थ्री हेड्स ऑफ गार्लिक'. गंमत म्हणजे मराठीतही आपण 'तीन कांदे चिर' म्हणतो, पण 'तीन लसूण सोल' म्हणत नाही. तीन पाकळ्या म्हणतो, नाहीतर तीन गड्डे. तुम्ही स्वतः पत्रात 'लसणाचे गड्डे मोजून घेते' असंच लिहिलंय. म्हणजे मोजले ते गड्डे. लसणाच्या बाबतीत तुमची मराठी आणि शेफची इंग्रजी एकाच मताच्या आहेत. 'गार्लिक्स' लिहिताना तुम्ही दोघींचंही ऐकलं नाहीत!

मराठी दगा देते ती धान्यात. 'तांदूळ संपले', 'गहू दळून आणले', अशी आपली धान्यं अनेकवचनात नांदतात. तेच डोक्यात असल्यामुळे 'राइसेस' लिहिलं जातं आणि 'द राइस आर फिनिश्ड' असं तोंडातून जातं. यावर उपाय सोपा आहे. 'राइस' लिहिताना मनात तांदूळ आणू नका, भात आणा. भात झाला, भात उरला, भात संपला, सगळं एकवचनी. इंग्रजीला कच्चा आणि शिजलेला असा भेदच नाही. पोत्यात असो की पातेल्यात, तो 'राइस', आणि त्याच्यापुढे नेहमी 'इज'. गव्हालाही हाच न्याय: 'व्हीट', 'एस' नाही.

मग 'ओट्स' का? 'बीन्स' का? इथे क्लासमध्ये सहसा सांगतात की बारीक दाणे अनकाउंटेबल आणि मोठे दाणे काउंटेबल. काही अंशी हे खरं आहे. मीठ, साखर, पीठ, रवा यांचा एकेक कण कोण उचलून बघतो? पण हा नियम फार दूर नेला तर तो तोंडावर पाडतो. मसूर केवढीशी, पण इंग्रजीत 'लेंटिल्स', सरळ अनेकवचन. मक्याचा दाणा मसुरीपेक्षा मोठा, आणि 'कॉर्न' अनकाउंटेबल. फुटून फुगल्यावर तर एकेक करून तोंडात टाकतो, तरी 'पॉपकॉर्न'ला 'एस' लागत नाही. 'व्हीट' आणि 'ओट्स' यांच्या दाण्यांत डोळ्याला दिसेल असा काय मोठा फरक आहे? काही नाही. एक अनकाउंटेबल, दुसरं अनेकवचनी, झालं.

वाटाण्याची हकिकत तर ऐकण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत वाटाण्याला 'पीझ' म्हणत आणि हा शब्द आजच्या 'राइस'सारखाच, ढिगासाठी एकवचनात चाले. पण त्याच्या शेवटचा 'झ' लोकांच्या कानाला अनेकवचनाचा वाटू लागला. मग सतराव्या शतकाच्या सुमारास लोकांनी तो काढून एका दाण्यासाठी 'पी' असा नवा शब्दच तयार केला, आणि वाटाणा काउंटेबल झाला. वाटाणा तोच, फक्त ऐकणाऱ्यांचा गैरसमज झाला. तेव्हा 'असं का' याचं उत्तर दर वेळी तर्कात सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. 'नूडल्स आर रेडी' पण 'स्पॅगेटी इज रेडी' हे असंच. मूळ इटालियनमध्ये 'स्पॅगेटी' हा चक्क अनेकवचनी शब्द आहे, पण इंग्रजीनं तो घेताना विचारलं नाही.

आता 'चिकन' आणि 'केक'. तुमच्या कामाच्या दृष्टीनं हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इथे 'एस' चुकला तर लाल गोलावर भागत नाही, माल चुकीचा येतो.

खाण्याच्या वस्तू इंग्रजी दोन नजरांनी बघते. वस्तू अख्खी, तिच्या आकारासकट समोर असेल तर ती काउंटेबल. तिचा आकार मोडला, ती चिरली, किसली, शिजवली, तिचा नुसता पदार्थ उरला की ती अनकाउंटेबल. 'टू चिकन्स' म्हणजे दोन अख्ख्या कोंबड्या. 'सम चिकन' म्हणजे मांस. तुमच्या यादीत 'चिकन्स १० किलो' लिहिलंय. वाचणारा सप्लायर शब्दशः घेणारा असला तर तो अख्ख्या कोंबड्या पाठवेल, आणि तुम्हाला हवे असतील बोनलेस तुकडे. 'एस' काढा: '१० किलो चिकन'. आणि अख्ख्या हव्या असतील तेव्हा नग लिहा: '८ चिकन्स'.

'केक'चं तेच. 'अ केक' म्हणजे अख्खा, 'सम केक' म्हणजे त्यातला थोडा. 'पिझ्झा', 'मेलन', 'पंपकिन', 'कॅबेज', 'पाइनॲपल' सगळे याच रांगेतले. स्टोअरमध्ये आले तेव्हा 'फोर पाइनॲपल्स' होते. फ्रूट सॅलडमध्ये गेले की 'सम पाइनॲपल'. म्हणजे एकच फळ तुमच्या टेबलावर काउंटेबल असतं आणि पलीकडच्या टेबलावर, सुरीखालून गेल्यावर, अनकाउंटेबल. तुमच्या यादीत आणि शेफच्या रेसिपीत एकाच वस्तूची दोन रूपं दिसतात, ती यामुळेच. दोघंही बरोबर असता.

एवढ्याशा 'ॲन'नं किती फरक पडतो, ते बघा. 'देअर इज अनियन इन द सूप' म्हणजे सुपात कांदा घातलाय. ज्याला कांदा चालत नाही त्या पाहुण्याला हेच सांगायचं असतं. 'देअर इज ॲन अनियन इन द सूप' म्हटलंत तर पाहुणा वाकून वाटीत बघेल, कारण तुम्ही त्याला सांगितलंत की सुपात एक आख्खा कांदा तरंगतोय. अंड्याचंही असंच आहे. ट्रेमधली ती 'एग्ज', पण कोणाच्या शर्टाला पिवळं लागलं असेल तर 'यू हॅव एग ऑन युअर शर्ट'. तिथे 'ॲन एग' म्हणू नये, शर्टावर अंडं बसलेलं नाही. बटाट्यावर मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांचंच एकमत नाही. कुस्करलेल्या बटाट्याला ब्रिटिश 'मॅश्ड पोटॅटो' म्हणतात आणि अमेरिकन 'मॅश्ड पोटॅटोज'. दोन्ही लिहा, कोणी लाल गोल करणार नाही. केलाच तर शेफना ही ओळ दाखवा.

'ब्रेड'वर मात्र शेफ बरोबर आहेत. तुम्ही 'ब्रेड्स ३०' लिहिलंय, पण ३० काय? लाद्या की स्लाइस? इंग्रजीला हे सांगावंच लागतं: 'थर्टी लोव्ह्ज ऑफ ब्रेड' किंवा 'थर्टी स्लाइसेस ऑफ ब्रेड'. यात व्याकरणापेक्षा ऑर्डरचा प्रश्न मोठा आहे. भाजलेल्या ब्रेडलाही हाच नियम आहे: 'अ स्लाइस ऑफ टोस्ट', 'टू पीसेस ऑफ टोस्ट'. 'अ टोस्ट' असं म्हटलंत तर ऐकणारा हातात प्याला घेऊन उभा राहील, कारण कोणाच्या सन्मानार्थ प्याला उंचावणं याला 'अ टोस्ट' म्हणतात.

आता शेफच्या 'टू कॉफीज, थ्री शुगर्स'कडे येऊ. ते चुकत नाहीत. घाईत 'कप्स ऑफ' आणि 'स्पून्स ऑफ' गिळून टाकले जातात. ऐकणाऱ्याला कप आणि चमचे आधीच ठाऊक असतात, म्हणून चालतं. आपणही 'तांदूळ दोन पाण्यांनी धू' म्हणतोच की. एरवी पाणी कोणी एक-दोन असं गणत नाही, पण तिथे खेपा अभिप्रेत आहेत हे सगळ्यांना कळतं. मात्र ही सूट बोलण्यात, तीही ऑर्डरच्या वेळी. स्टोअरच्या यादीत 'टू कॉफीज' लिहिलं तर दोन कप, दोन पाकिटं की दोन किलो, कोणाला कळणार?

आणखी एका ठिकाणी अनकाउंटेबल शब्दाला 'एस' लागलेला दिसेल, तो प्रकार सांगताना. 'चीजेस' म्हणजे चीजचे वेगवेगळे प्रकार, तसंच 'ऑइल्स', 'वाइन्स', 'फ्लोअर्स' (म्हणजे पिठं, जमीन नव्हे). बेकरीच्या पाटीवर 'ब्रेड्स' दिसलं तर ते चूक नव्हे, तिथे प्रकारांची यादी असते. तुम्हाला ब्रेडच्या लाद्या हव्या होत्या, प्रकार नको होते.

हे सगळं लक्षात ठेवायचं कसं? शब्द एकटा शिकू नका. तो स्टोअरमध्ये ज्यात किंवा ज्या रूपात येतो, त्याच्यासकट शिका. 'अ क्लोव्ह ऑफ गार्लिक', 'अ हेड ऑफ लेट्यूस', 'अ स्टिक ऑफ सेलरी', 'अ बंच ऑफ पार्स्ली', 'अ कार्टन ऑफ मिल्क', 'अ जार ऑफ हनी', 'अ बार ऑफ चॉकलेट', 'अ पिंच ऑफ सॉल्ट'. हे जोडीनं तोंडात बसले की व्याकरण आपोआप बसतं, कारण गणला जातो तो पहिला शब्द: 'टू जार्स ऑफ हनी', 'फाइव्ह बंचेस ऑफ पार्स्ली'. दुसऱ्याला हात लावायचा नाही.

पण इथेच एक खड्डा आहे, आणि तुमच्या यादीत तुम्ही त्यात पडला आहात. 'अनियन १५ किलो' असं लिहिलंय. बहुतेक विचार असा झाला असेल की किलो आला, म्हणजे वजन, म्हणजे अनकाउंटेबल. तसं होत नाही. माप पुढे लागलं तरी काउंटेबल शब्द काउंटेबलच राहतो, उलट तो अनेकवचनातच यायला हवा: '१५ किलोज ऑफ अनियन्स', 'अ किलो ऑफ टोमॅटोज', 'अ बंच ऑफ ग्रेप्स'. शेजारी '२० किलोज ऑफ राइस', '२ किलोज ऑफ गार्लिक'. एका खाली एक लिहून मोठ्यानं वाचा, फरक कानाला कळेल. चिरलेला कांदाच पाकिटातून मागवत असाल तर मात्र 'चॉप्ड अनियन', 'एस'शिवाय. कारण वर आलंच आहे.

सरावाला व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इंग्रजीत छापलेल्या पाककृती घ्या. वरच्या साहित्याच्या यादीत नेमकं हेच असतं: कुठे आकडा थेट, कुठे ग्रॅम, कुठे क्लोव्ह. शेफकडे अशा पाककृतींचा ढीग असणारच. शब्द अडला तर साधा शब्दकोश न उघडता इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला, म्हणजे लर्नर्स डिक्शनरी उघडा. त्यात नामापुढे इंग्रजी 'सी' किंवा 'यू' अशी खूण असते: 'सी' काउंटेबल, 'यू' अनकाउंटेबल. 'चिकन'पुढे दोन्ही दिसतील, प्रत्येकीसमोर वेगळा अर्थ. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना ही खूण लागत नाही, म्हणून त्यांच्या शब्दकोशांत ती सहसा नसतेच. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना परभाषी विद्यार्थ्यांसाठी जो कोश केला, तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला, आणि पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढला. आजच्या लर्नर्स डिक्शनऱ्या त्याच वळणाच्या. ही अडचण तुमच्या एकटीची नाही, हे यावरून कळेलच.

'मच' आणि 'मेनी'बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याच्याशिवाय हे पुरं होत नाही. आपल्याकडे 'किती' एकच: किती कांदे, किती तेल. इंग्रजीत कांद्यांना 'हाऊ मेनी', तेलाला 'हाऊ मच'. 'खूप'साठी 'अ लॉट ऑफ' वापरा, तो दोघांनाही चालतो. फक्त एक ध्यानात ठेवा. भाव विचारताना वस्तू काउंटेबल असली तरी 'हाऊ मच' येतं. 'हाऊ मच आर द एग्ज?' म्हणजे अंड्यांचा भाव काय, 'हाऊ मेनी एग्ज?' म्हणजे नग किती.

'थोडं' याला मात्र जपा, कारण हे शब्द तुम्हाला रोजच्या निरोपात लागतात. गणता येणाऱ्याला 'फ्यू', न येणाऱ्याला 'लिटल'. पण खरी मेख आधीच्या 'अ'मध्ये आहे. 'वी हॅव अ लिटल ऑइल' म्हटलंत तर शेफ समजतील, थोडं आहे, आजचं भागेल. 'वी हॅव लिटल ऑइल' म्हणजे तेल संपत आलंय, आजच मागवा. 'अ फ्यू एग्ज' आणि 'फ्यू एग्ज' यांतही तोच फरक. हा 'अ' विसरलात तर शेफ तुमचा निरोप उलटा समजतील.

यादीतलं राहिलेलं झटपट सांगते. मथळा 'फ्रूट्स अँड व्हेजिटेबल' असा आहे, तो नेमका उलटा करा: 'फ्रूट अँड व्हेजिटेबल्स'. 'फ्रूट' सहसा अनकाउंटेबल, 'व्हेजिटेबल्स' काउंटेबल, यालाही कारण विचारू नका. 'लेट्यूस ६'चं '६ हेड्स ऑफ लेट्यूस' करा. 'स्पिनॅच', 'ब्रोकली', 'बटर', 'फ्लोअर' यांना तुम्ही 'एस' लावलेला नाही, तेच बरोबर आहे. 'बीन्स', 'लेंटिल्स', 'ओट्स' जसे आहेत तसे राहू द्या.

आणि पान उलटल्यावर खाली खाण्याबाहेरच्या वस्तू दिसल्या: 'नाइव्हज', 'कटलरीज', 'इक्विपमेंट्स'. नाइव्हज ठीक. कटलरी आणि इक्विपमेंट दोन्ही अनकाउंटेबल, 'एस' काढा. आकडा द्यायचा असेल तर 'पीसेस ऑफ' घाला. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन' आणि 'ॲडव्हाइस' हेही असेच, आणि त्यांचंही 'पीस'नंच भागतं. ग्लासांचा खोका मात्र तुम्ही 'ग्लास १ बॉक्स' असा लिहिलाय. नुसतं 'ग्लास' म्हणजे काच. '१ बॉक्स ऑफ ग्लासेस' करा, नाहीतर खिडकीच्या काचा यायच्या.